गुरुमहिमा आणि लोणकढी

गुरूची थट्टा करू नये, अशी आपल्याकडील शिकवण आहे. आणि गुरूची थट्टा केल्यावाचून कोणाही शिष्याचे विद्यार्जन पुरे झालेले नाही, असा आपल्याकडील अनुभव आहे. मास्तरांच्या छडीपासून प्राध्यापकांच्या चष्म्यापर्यंत कितीतरी वस्तू अशा थट्टेने चिरंजीव करून ठेवल्या आहेत. आज आम्ही ज्या वाङ्मयाचा विचार करण्याचे योजिले आहे, ते या वंशातले अगदी धाकटे अपत्य होय. कृत्रिम जीवशास्त्र, म्हणजे शास्त्रज्ञ ज्यास सिंथेटिक बायॉलॉजी म्हणतात, त्या नव्या शास्त्राच्या प्रयोगशाळांत काम करणारी तरुण मंडळी आपल्या मार्गदर्शकांविषयी ज्या अचाट बाता रचतात आणि एकमेकांस ऐकवितात, त्या बाता हा आमचा विषय. या वाङ्मयास बांधलेला ग्रंथ नाही, कर्त्याचे नाव नाही, प्रस्तावना नाही आणि किंमतही नाही. असे असता टीकाकाराने तिकडे वळावे कशाला, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर एवढेच की, ज्या ठिकाणी खरे बोलण्याची सोय नसते, त्या ठिकाणी माणसे कोणत्या प्रकारचे खोटे बोलतात, हे पाहणे टीकाशास्त्राच्या कक्षेबाहेरचे नाही.

हा विचार आम्ही वऱ्हाडात, नांदगाव पेठेच्या परिसरात, बसून करीत आहो, यातही थोडे औचित्य आहे. अमरावतीहून नागपूरच्या वाटेने निघाले की हे गाव लागते. भोवतालची काळी जमीन कापसाची. अलीकडच्या काळात गावाशेजारी औद्योगिक वसाहत झाली, कापडाचे कारखाने आले, १,३५० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. या मुलखातील मुले-मुली अमरावतीस पदवी घेतात, पुढे पुण्यास, बंगळुरास अथवा परदेशी संशोधनासाठी जातात, आणि दिवाळीस घरी आली म्हणजे फराळाबरोबर 'गाईड'च्या गोष्टी वाढतात. त्या ऐकणाऱ्यांस त्यातले शास्त्र फारसे समजत नाही; पण गोष्टीची जात मात्र तत्काळ ओळखू येते, कारण ती जात याच मातीतली आहे. वऱ्हाडी माणूस उन्हाचे वर्णन अंश मोजून करीत नाही. तो म्हणतो, "असं ऊन तापलं बाप्पा, का सावलीच बाभयीखाली येऊन बसली." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावरील रेषाही हलत नाही. ऐकणाराही "असं कसं होईल?" असे विचारीत नाही, तो याहून मोठी बात शोधू लागतो. जो आधी हसतो तो हरतो, हा या खेळाचा अलिखित नियम. यालाच मराठीत लोणकढी थाप म्हणतात. लोणी कढवून केलेल्या ताज्या तुपाचा जो खमंगपणा, तोच या थापेत असतो. पोट भरावे म्हणून ती कोणी वाढीत नाही, चव यावी म्हणून वाढतो.

आता त्या शास्त्राविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. कारण ज्या वस्तूची अतिशयोक्ती करावयाची ती मुळात केवढी आहे, हे कळल्यावाचून अतिशयोक्तीचे माप काढता येत नाही. जुने जीवशास्त्र जीव जसा आहे तसा पाहत असे. या नव्या शास्त्राचा हव्यास असा की, जीवाच्या डीएनएमधील आज्ञा सुतारकामातील जोडांप्रमाणे सुट्या कराव्यात, त्यांची माप ठरवून मांडणी करावी, आणि हव्या त्या गुणाचा जंतू हुकमी घडवावा. अमेरिकेतील एम. आय. टी. या विद्यापीठात २००३ साली विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गाच्या रूपाने या खटाटोपाचा एक प्रवाह सुरू झाला आणि २००४ पासून त्याची 'आयजेम' नावाची स्पर्धा झाली. पुढे तीत देशोदेशीचे विद्यार्थी आपापले मार्गदर्शक घेऊन उतरू लागले. २००६ साली तेथीलच एका चमूने दुर्गंधीबद्दल प्रसिद्ध असलेल्या ई. कोलाय या जंतूस असे काही वळण लावले की, तो वाढीस लागला असता विंटरग्रीनचा, म्हणजे आपल्या मुरगळीच्या मलमांना येतो तसला, वास यावा, आणि वाढ थांबली असता पिकल्या केळ्याचा. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, आम्ही अद्याप एकही थाप सांगितलेली नाही. हे सारे खरे घडलेले आहे.

आणि नेमकी हीच या वाङ्मयाच्या कर्त्यांपुढील अडचण आहे. मल्लाविषयी बात रचणे सोपे. त्याने पाच मण उचलले तर आपण पन्नास मण म्हणावे. पण ज्या शास्त्रात वस्तुस्थितीच थापेचा वेष घेऊन फिरते, तेथे थापाड्याने जावे कोठे? २०१० च्या मे महिन्यात क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने जाहीर केले की, सुमारे दहा लक्ष ऐंशी हजार अक्षरांचा एक संपूर्ण जनुकसंच यंत्राने लिहून काढून तो दुसऱ्या जातीच्या जंतूत घातला आणि तो जंतू त्या नव्या पोथीप्रमाणे जगू लागला. त्या पोथीत या मंडळींनी सांकेतिक लिपीत सहकाऱ्यांची नावे आणि थोरांची काही वचने घालून ठेविली. आणि त्यातील एका भौतिकशास्त्रज्ञाचे वचन चुकीचे उतरले असल्याचे मागाहून निदर्शनास आले. जंतूच्या पोटात शुद्धलेखनाची चूक, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या नकलत जाणार! अशी कल्पना एखाद्या विनोदी लेखकाने केली असती, तर संपादकांनी ती अतिरंजित म्हणून परत केली असती. जे. कीसलिंग यांच्या बर्कली येथील प्रयोगशाळेची कथाही अशीच. पाव फुगविणाऱ्या यीस्टकडून त्यांनी हिवतापावरील औषधाचे पूर्वद्रव्य काढून घेतले. २०१३ साली त्याचे कारखान्यातील उत्पादन सुरू झाले. पुढे झाडापासून निघणारे तेच औषध स्वस्त झाले आणि २०१६ साली तो कारखाना विकला गेला. म्हणजे शास्त्राने पर्वत उचलला आणि बाजाराने तो हळूच खाली ठेवावयास लावला. या कथेतील उपरोध तर कोणी रचलेलाही नाही.

या अडचणीतून जे कुशल थापाडे आहेत त्यांनी एक वाट काढली आहे, आणि तीच या वाङ्मयाची खरी वाङ्मयीन कमाई होय असे आम्हांस वाटते. शास्त्राचे पराक्रम त्यांनी सोडून दिले आणि प्रयोगशाळेतील रोजची क्षुल्लक कामे हाती घेतली. पुढील मासले आम्ही त्याच वळणावर स्वतः रचले आहेत, हेतू एवढाच की कोणा एका व्यक्तीवर रोख जाऊ नये.

"इतरांच्या नळीत जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सरांनी घड्याळाकडे पाहिले की ते अठराव्या मिनिटासच दुप्पट होतात आणि उरलेल्या दोन मिनिटांत अहवाल लिहितात."

"सर पिपेटने माप घेत नाहीत. सर विचारतात, आणि द्रव खरे ते सांगून टाकतो."

"सरांचा प्रयोग फसत नाही. क्वचित फसल्यासारखा दिसलाच, तर निसर्गाकडून लेखी खुलासा मागविण्यात येतो."

"सर म्हणाले, 'घाई नाही, उद्या सकाळी नऊपर्यंत दिलेत तरी चालेल.' त्या रात्री उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवलेल्या जंतूंनाही झोप आली नाही."

आता याच्याशेजारी याच जातीतील एक वाईट मासला ठेवून पाहावा: "सर एका फुंकरीने मेलेला हत्ती उठवितात आणि दुसऱ्या फुंकरीने चंद्र विझवितात." पहिल्या चार बाता आणि ही पाचवी, यांत अतिशयोक्तीचे प्रमाण पाहू गेल्यास पाचवी पुष्कळच मोठी आहे, तरी ती पडते आणि त्या उभ्या राहतात. याचे कारण असे की, हत्ती आणि चंद्र यांची गोष्ट कोणाही बलवंताविषयी, मांत्रिकाविषयी अथवा मंत्र्याविषयी सांगता येईल. परंतु वीस मिनिटांचे माप ज्यास ठाऊक नाही, त्यास अठराव्या मिनिटाची गंमत रचता येणार नाही. ई. कोलाय हा जंतू चांगल्या पोषक द्रवात सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो, हे खरे आहे. थाप त्या खऱ्या आकड्यापासून फक्त दोन मिनिटे हटते. ती मोठी होऊन हसवीत नाही; अचूक राहून हसविते. दंडीने 'काव्यादर्शा'त लौकिक मर्यादा न सोडणाऱ्या कांतीची वाखाणणी करून अत्युक्ती ही गौडांची आवड म्हणून वेगळी काढली, ती काही केवळ प्रादेशिक चढाओढ नव्हे. उक्ती कितीही उंच गेली तरी तिचा एक पाय अनुभवाच्या जमिनीवर असावा, हा त्यातील विवेक आजच्या प्रयोगशाळेतही लागू पडतो.

या बाता गुरूची स्तुती करतात की निंदा? वरवर पाहता प्रत्येक वाक्य स्तुतीचे आहे. सरांना सर्व येते, सरांपुढे निसर्गही नमतो. पण निसर्गाकडून लेखी खुलासा मागविणारा मनुष्य शास्त्रज्ञ नव्हे, कचेरीतील वरिष्ठ अंमलदार होय. आणि फसलेल्या प्रयोगाची जबाबदारी जो निसर्गावर ढकलतो, तो शिष्यावर ती किती सहज ढकलीत असेल, हे ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येते. आपल्या अलंकारशास्त्रात यास व्याजस्तुती म्हणतात. मराठी गद्यात या अलंकारास ज्यांनी हुकमी केले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर याच वऱ्हाडातले. १८७१ साली नागपुरास जन्मलेला हा वकील पुढे खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली करीत राहिला, ज्योतिर्गणितासारख्या रूक्ष शास्त्रात रमला, आणि त्याने 'सुदाम्याचे पोहे' लिहून मराठीत विनोदाची नवी पेठ उघडली. त्यांचा सुदामा आणि त्याचे सोबती बंडूनाना व पांडूतात्या ही मंडळी रूढीचा कैवार इतक्या उत्साहाने घेतात की, त्या उत्साहाच्या भारानेच रूढी वाकून मोडते. प्रयोगशाळेतील मुलांनी कोल्हटकर वाचले असतील असे आमचे म्हणणे नाही. परंतु अधिकारापुढे उभे राहून हसावयाचे असेल तर हा एकच मार्ग उरतो, म्हणून दोघेही स्वतंत्रपणे त्याच मार्गावर आले आहेत.

कारण या शिष्यांची स्थिती कशी असते, हे मध्यमवर्गीय कुटुंबांतून ज्यांची मुले संशोधनास गेली आहेत त्यांना तरी ठाऊक आहे. चार-पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक, एका माणसाच्या सहीवर काढावी लागतात. प्रबंध पाठविणे त्याच्या हाती, शिफारसपत्र त्याच्या हाती, शोधनिबंधावरील नावांचा क्रम त्याच्या हाती, आणि पुष्कळदा शिष्यवृत्तीच्या कागदावरील शिक्काही त्याच्याच हाती. असा संबंध आपल्या समाजात फार थोडे उरले आहेत. सासरच्या जाचाची चर्चा झाली, मालक-मजुरांचा कायदा झाला, पण गाईड आणि शिष्य यांच्यामध्ये अजून मुख्यतः सौजन्यच उभे आहे, आणि सौजन्य हे माणसागणिक कमीजास्त असते. पुष्कळ गाईड पितृतुल्य असतात, कित्येक बाई-गाईड मातेहून अधिक काळजी घेतात, हे आम्ही आनंदाने नमूद करतो. परंतु चांगला राजा मिळाला म्हणून राज्यपद्धती चांगली ठरत नाही. अशा स्थितीत पुढील बात पाहावी:

"शोधनिबंधावर आपले नाव यावे म्हणून जंतूने अर्ज केला. सर म्हणाले, 'काम तू केलेस हे खरे. पण कल्पना माझी होती.'"

येथे हसू येते आणि मध्येच थांबते. जंतूच्या जागी कोण आहे, हे सांगावे लागत नाही. हीच तक्रार सरळ शब्दांत अर्ज म्हणून लिहिली असती, तर लिहिणाऱ्याचे एक वर्ष वाया गेले असते. बात म्हणून ती चहाच्या टपरीवर, वसतिगृहात, कदाचित सरांच्या समोरही बोलता येते, आणि सर स्वतः हसले तर एक अक्षर न बोलता त्यांना ती पोहोचतेही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, मग हे हसू निरुपयोगीच नव्हे काय? वाफ निघून गेली की भांडे शांत होते. हसून मोकळा झालेला शिष्य तक्रार करीत नाही, आणि व्यवस्था होती तशी राहते. हा आक्षेप हलका नाही. पुष्कळशा बाता याच प्रकारच्या असतात, आणि त्यांतील गाईड शेवटी इतका मोठा होतो की, त्याचा जाचही त्याच्या मोठेपणाचे भूषण ठरतो. येथे आपल्या मुलखातीलच एका जुन्या बातेचे स्मरण होते. चुन्यावाचून दगडांवर दगड रचलेले कोणतेही जुने देऊळ वऱ्हाडात दाखवावे, गावकरी म्हणणार, "हेमाडपंती." हेमाडपंत, म्हणजे तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री. त्याने लंकेहून मोडी लिपी आणली, एका रात्रीत देवळे उभी केली, अशा कथा लोक सांगत आले. वस्तुतः या घडणीची कित्येक देवळे त्याच्या आधीची आहेत. पण एका बड्या कारभाऱ्याचे नाव एकदा चिकटले, आणि ज्यांनी तो दगड खाणीतून काढला, तासला, खाचा-कुसू बेतून बसविला, त्या पाथरवटांची नावे सातशे वर्षांत कोणी विचारली नाहीत. गाईडविषयीची भोळी बात हेच करते. ती प्रयोगशाळेचे हेमाडपंती देऊळ बांधते. रात्री दोन वाजता नळ्या धुणारी मुलगी त्यात कोठेच दिसत नाही.

म्हणून आमचा या वाङ्मयाविषयीचा पहिला निकष हा की, बातेत शिष्याचा हात दिसला पाहिजे. झोप न आलेल्या जंतूंच्या बातेत तो दिसतो, अर्ज करणाऱ्या जंतूच्या बातेत तर स्पष्टच दिसतो. चंद्र विझविणाऱ्या बातेत तो नाही. दुसरा निकष असा की, बातेने आपण बात असल्याचे लपवू नये. लोणकढी थाप आणि लबाडी यांत भेद आहे तो आकाराचा नाही. थाप स्वतःच्या कपाळावर 'मी थाप आहे' असे लिहून येते. लबाडी साक्षीदार, आकडे आणि छायाचित्रे घेऊन येते. दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक या प्रयोगशाळाप्रमुखाने मानवी भ्रूणाच्या मूलपेशींविषयी २००४ आणि २००५ साली जे दावे केले, त्यांवर त्या देशाने इतका विश्वास टाकला की, चाकांच्या खुर्चीतून उठून उभ्या राहणाऱ्या माणसाचे चित्र असलेले टपाल तिकीटही निघाले. प्रयोगशाळेतील कनिष्ठ स्त्री-संशोधकांनी आपली बीजांडे प्रयोगासाठी दिली असल्याचे उघडकीस आले. ज्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने प्रथम शंका काढली, त्याच्यावरच लोक आरंभी उलटले. अखेर २००६ च्या जानेवारीत ते दोन्ही निबंध मागे घेण्यात आले. त्या प्रयोगशाळेत कोणी बाता रचीत असत की नाही, हा येथे प्रश्न नाही. एवढे मात्र दिसते की, तेथे प्रमुखाचा महिमा कोणी हसून सांगितला नाही. तो सर्वांनी गंभीरपणे सांगितला.

या गोष्टीचे मोल वऱ्हाडास अधिक कळावे. २००२ साली बीटी कापसास आपल्या देशात परवानगी मिळाली. मातीतील एका जंतूचा जनुक कापसात घालून बोंडअळीस मारक असे विष झाडातच निर्माण करणे, ही कल्पना खरी होती आणि प्रथम तिने गुणही दाखविला. कृत्रिम जीवशास्त्राच्या आधीच्या पिढीचे हे काम. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रयोगशाळा ती प्रयोगशाळाच. बियाण्याबरोबर गावोगाव जी वर्णने आली, त्यांत अळीही पिढ्यान्‌पिढ्या शिकत असते, ही गोष्ट शेतकऱ्यांपर्यंत फारच क्षीण आवाजात पोहोचली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाच्या कापसाची केवढी नासाडी केली, हे येथील वाचकांस सांगणे नको. जो शेतकरी सावली बाभळीखाली बसल्याचे ऐकून हसतो आणि सोडून देतो, तोच पिशवीवरील छापील मजकूर मात्र प्रमाण मानतो. कारण छापील मजकूर हसत नाही. लोणकढीची सवय असलेल्या कानाने तो मजकूरही त्याच कसोटीवर घासून पाहिला असता, तर नुकसान टळले असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु एक-दोन प्रश्न तरी वेळेवर विचारले गेले असते.

उलटपक्षी, जे अद्‌भुत वाटते ते सर्व खोटेच, असेही या सवयीने होऊ नये. २०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लवणासुराच्या कथेची सवय असलेल्या मुलखात नाना तर्क उठले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की, पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यामुळे क्षारप्रिय अशा सूक्ष्म जीवांची वाढ होऊन त्यांच्या रंगाने पाणी गुलाबी दिसू लागले. म्हणजे थापेसारखी दिसणारी वार्ता खरी निघाली आणि तिचे कारण दैत्याहून मनोरंजक निघाले. चांगली बात ऐकणाऱ्यास हीच सवय लावते, ती त्याला आधी हसविते आणि मग विचारावयास लावते, "यातले खरे किती?"

शिष्यांनी गुरूविषयी सांगितलेल्या लहान लहान गोष्टी, एकेक प्रसंगाच्या, एकापुढे एक मांडलेल्या. या रचनेचा विचार करताना अमरावती जिल्ह्यातीलच रिद्धपूर आठवल्यावाचून राहत नाही. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू होऊन गेले. कोणाच्याही घरी शिरून खाऊ मागावा, मुलांत मूल होऊन खेळावे, मध्येच रुसावे, असे त्यांचे वर्तन. भक्तांना त्यात परमेश्वराची लीळा दिसे. म्हाइंभटांनी त्या लीळा, आणि त्याआधी चक्रधरस्वामींच्या लीळा, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून विचारून विचारून मिळविल्या, आणि मराठी गद्याचा आद्य ठेवा निर्माण झाला. भक्तांच्या श्रद्धेची आणि टपरीवरील बातेची बरोबरी करावी, असा आमचा मुळीच हेतू नाही. एकीच्या मुळाशी शरणागती आहे, दुसरीच्या मुळाशी सुटकेची धडपड. पण टीकाकाराने एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. म्हाइंभटांनी गुरूचा विक्षिप्तपणा झाकला नाही, त्याचे रुसणे गाळले नाही, आणि सांगणाऱ्यांत मतभेद असेल तेथे तोही नोंदविला. ज्याच्यावर त्यांची परम श्रद्धा, त्याच्याविषयीही साक्ष घेतल्यावाचून त्यांनी लिहिले नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या या भक्ताने जेवढी चौकसबुद्धी दाखविली, तेवढी ह्वांग यांच्या विसाव्या-एकविसाव्या शतकातील प्रशंसकांनी दाखविली नाही.

असो. या बातांचे आयुष्य फार थोडे असते. शिष्य प्रबंध देऊन बाहेर पडतो, पुढे स्वतः गाईड होतो, आणि ज्या बाता त्याने रचल्या त्या त्याच्याविषयी नव्याने रचल्या जाऊ लागतात; जुन्या मात्र हवेत विरून जातात. त्या नुसत्या गमतीच्या असत्या तर आम्ही हळहळलो नसतो. परंतु आपल्या काळात ज्ञान कोणत्या हातांनी घडले, ते हात कोणाला भीत होते आणि कोणावर हसत होते, याची ही एकच नोंद उरते. शोधनिबंधात ती सापडावयाची नाही. रिद्धपुरास २०२४ साली मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले आहे. तेथील एखाद्या होतकरू अभ्यासकाने प्रयोगशाळा, वसतिगृहे आणि दवाखाने येथील या बाता म्हाइंभटांच्या पद्धतीने गोळा कराव्यात: कोणी सांगितली, कोठे ऐकली, दुसरा ती कशी सांगतो, हे सर्व टिपून, मात्र जिवंत माणसांची नावे गाळून. शास्त्रातील संज्ञांसाठी मराठी शब्द घडविण्याची जी चिंता आपण वाहतो, तिलाही यातून साह्य होईल. कारण ज्या संज्ञेवर मराठीत विनोद करता येतो, ती संज्ञा मराठीत रुजली असे खुशाल समजावे. काम मोठे आहे आणि त्यासाठी गाईड लागेल. तो कसा मिळतो, आणि त्याच्याविषयी कोणत्या बाता उठतात, याचे एक परिशिष्ट त्या प्रबंधास अवश्य जोडावे.